विरळ तीज

भुरीबाई : पागडी काय चहा होय रे शाम, का मी आत आनून देऊ अन् तू खाटेवर बसून घेशील?

शाम : मी कुठं म्हनलं, घेत नाही म्हणून? आत बांधा म्हनलं. बाले बोलाव, दार लाव, इथंच बांधून दे. मंग येतो बाहेर. फरक काय पडते, याडी?

भुरीबाई : पडते. आपल्या तांड्यात नाईकाची पागडी दाराआड बांधत नाहीत. घराघरातला एक मानूस येते, एकेक वेढा देते, तवा कुठं ते पागडी होते. नाही तं नुसतं लुगडं होय ते, डोक्याले गुंडाळलेलं.

शाम : मंग पुढच्या तीजच्या सणाले घेतो.

भुरीबाई : पुढच्या तीजले तुह्या बाचे डोळे राह्यतीन का? आताच समोरचा मानूस आवाजावरून वळखून राह्यला तो. त्याले नाईकी सोडाच्या आंधी तुह्या डोक्यावर पागडी पाहाची हाय, शाम. दुसऱ्याच्या तोंडून ऐकाची नाही.

शाम : तं खेमसिंगले द्या. काकाचा पोरगा हाय, थोरल्या घरचा हाय. त्याले द्या.

भुरीबाई : तो तयारच हाय. सकाळपासून नवं धोतर नेसून बसला, मिशीले पीळ देऊन राह्यला अन् तुह्या दाराकडं पाहून राह्यला.

शाम : त्याच्या डोक्यावर केस तं हायेत.

भुरीबाई : अन् डोक्यात?

शाम : हासू नोको याडी.

भुरीबाई : मी कुठं हासली? काढ ते टोपी.

शाम : हात लावू नोको!

भुरीबाई : बापा! माय होय मी तुही. दुकानात टोपी, पंगतीत टोपी, पलंगावर टोपी. तुही बायको शीला तं म्हने, झोपतानीबी काढत नाहीत तुमचे चिरंजीव. नागपूरले गेलता तवा काय म्हनला होता मले? 'याडी, दिवाळीपर्यंत पाय, कसं रान माजते.' ते दिवाळी गेली, त्याच्यावरची बी गेली. तवापासून माह्या हातानं तुह्या डोक्यात तेल नाही घातलं.

शाम : मले डॉक्टरनं तसंच सांगितलतं. मांगच्या बाजूचे केस मुळासकट काढाचे अन् पुढं लावाचे. मिरचीचं रोप लावते न आपण, तसं. एकेक.

भुरीबाई : अन् उगोलं नाही.

शाम : उगोलं न! नाही कसं उगोलं? पण कमी. खुटखुट. अन् त्याच्या मांगं जे आपलं घरचं होतं, तेच झडून राह्यलं. गोळ्या घेतो, औषध चोळतो, तरी सकाळी उशीवर पाय, केसच केस. आता कसं झालं सांगू? धुऱ्यावर थोडं गवत अन् मधात सारं पडीत वावर. हे घेऊन जाऊ मी सगळ्या तांड्यासमोर?

भुरीबाई : डॉक्टर काय म्हनते आता?

शाम : म्हणते, आणखी एकदा करू. दुसऱ्यांदा.

भुरीबाई : दुबार पेरनी!

शाम : तसंच समज.

भुरीबाई : घाटंजीत कृषी केंद्र तुहं, बियानं इकते तू. तूच सांग, दुबार पेरनीनं कोन श्रीमंत झालं? बियानं इकनारा.

शाम : म्हणूनच तं! म्हणूनच सांगून राह्यलो न तुले. मी बियाणं विकतो, याडी. दुकानावर पाटी काय हाय? 'उगवण खात्रीची.' अन् त्या पाटीखाली मी बसतो, असं डोकं घेऊन. मांगच्या मिरगात आपल्या तांड्यातला उकंडा आला. दुकान माणसाईनं भरलं होतं. म्हणे, 'शामभाऊ, पऱ्हाटीचं कोनतंबी बियानं द्या, पन तुमच्या डोक्यावर ज्या कंपनीचं लावलं न, ते देऊ नोका.' एक म्हणे, 'तालुक्याले अर्ज करा, पंचनामा होईन.' सारे हासले. मीबी हासलो. मंग गोदामात गेलो अन् सरकीच्या पोत्यावर बसून राह्यलो. तवापासून टोपी.

भुरीबाई : उकंड्याचं काय मनावर घेते? त्यानं सोताच्या लग्नात सासऱ्याची मस्करी केलती.

शाम : घेतो मी मनावर. लाज वाटते मले, याडी. खरं सांगतो. केस गेले त्याची नाही वाटत इतकी. बाचेबी गेले, आज्याचेबी गेले, ते पागडीत दिसले नाहीत कोणाले. मी गेलो नागपूरले, हौसेनं लावून आलो, सगळ्याईले सांगत सुटलो, अन् फसलो. लोक टकल्याले नाही हासत. फसलेल्याले हासतेत.

भुरीबाई : झालं बोलून?

शाम : झालं.

भुरीबाई : आता माहं आइक. तुले नाईक कोनी ठरोलं?

शाम : बानं.

भुरीबाई : नाही. तुह्या बानं तं खेमसिंगचं नाव घेतलतं. थोरलं घर म्हनून. तवा पंचातून एक जन उठला अन् म्हने, 'नाईक आमाले शाम पायजे.' कोन होय तो?

शाम : कोण?

भुरीबाई : उकंडा.

शाम : खोटं.

भुरीबाई : जाऊन इचार त्याले. बसला हाय समोरच, तो नंगारा वाजून राह्यला न, त्याच्यापाशी. सारे म्हनले, काहून शाम? तवा त्यानं ते साल काढलं. साऱ्याईची पऱ्हाटी उगोली नाही, ते.

शाम : ते जुनं झालं.

भुरीबाई : तुह्यासाठी झालं असन. तहसीलच्या आवारात मंडप होता. कंपनीचा साहेब खुर्चीवर. म्हने, शेतकऱ्याईनं खोल पेरलं, वल नव्हती, घाई केली, बियान्याचा काई दोष नाही. सारे मानसं खाली मान घालून बसले. अन् तू उठला. तुले कोनी उठ म्हनलं होतं?

शाम : नाही.

भुरीबाई : तू म्हनला, 'हे बियानं माह्या दुकानातलं होय. मी इकलं. मी घरच्या कुंडीत लावून पाह्यलं, ते कुंडीतबी उगोलं नाही. ह्या लोकाईची चूक नाही, बियानं खोटं होय.' त्या साहेबाचं तोंड पाहासारखं झालतं. तुही एजन्सी गेली, पन साऱ्याईले दुसरं बियानं भेटलं अन् त्या साली वावरं हिरवे झाले.

शाम : ते लोकाईचं होतं, याडी. दुसऱ्यासाठी उभं राहणं सोपं हाय. हे माझं हाय.

भुरीबाई : सोपं? मी कुंपनापाशी उभी होती, बाजाराची थैली घेऊन. बाजूले एक बाई होती, ढानकीकडची का कुठची, तिची माही वळख ना पाळख. तिले मी सांगतलं, 'तो लंबा पोरगा बोलून राह्यला न, तो माहा होय.' तिनं इचारलंबी नोतं रे. अन् त्या दिवशी तुह्या डोक्यावर केस होते का नोते, मले याद नाही. तुही शपथ, याद नाही. बोल न आता.

शाम : थांब, दाराशी कोण हाय ते पाय पयले.

प्रियंका : मी हावो.

भुरीबाई : प्रियंका? तू इथं काय करून राह्यली? तीज तोडाची येळ झाली, साऱ्या पोरी टोपल्या घेऊन उभ्या असतीन. तुही टोपली कुठं हाय?

प्रियंका : गोठ्यात. गव्हाणीच्या मागं. मी नाही येत, दादी.

भुरीबाई : हे दुसरी! बाप खाटेवर, लेक गोठ्यात. नाईकाच्या घरची पोट्टी तू, टोपलीत गहू पेरून इतले दिवस पानी घातलं, गाने म्हनले, अन् आज येत नाही?

शाम : थांब, याडी. इकडं ये बेटा. काय झालं?

प्रियंका : माझी तीज विरळ आली, पप्पा. सगळ्यांचे गहू असे दाट आले, वीतभर. माझ्या टोपलीत एका कोपऱ्यात आले अन् बाकी नुसती माती. धनीबाईची नात म्हणते, जिची तीज विरळ तिला नवरा टकला भेटते.

भुरीबाई : तिच्या तं...!

शाम : याडी! बोलू दे तिले. पण काहून विरळ आली? बियाणं तं मी दिलं होतं. चांगलं निवडून दिलं होतं.

प्रियंका : बियाणं चांगलंच होतं. मीच... मी रोज उकरून पाहत होती. आले का, आले का, म्हणून. बोटानं. दादी नाही म्हणत होती तरी.

भुरीबाई : तोंड दुखलं माहं सांगून सांगून.

शाम : आण बरं तुझी टोपली. गोठ्यात कोणी नाही पाहत. आण.

प्रियंका : आणली. ही पाहा. हसू नका.

शाम : कोण हासते? हे तं छान उगोलं हाय इथं. हे पाय, कसे सरळ उभे हायेत.

प्रियंका : इथंच हायेत. बाकी दिसते न सगळं. पप्पा, तुमची टोपी द्या ना.

शाम : काहून?

प्रियंका : टोपलीवर झाकून नेतो. मग कोणाले दिसत नाही. तुम्ही नेता तसं.

भुरीबाई : घे. दे आता उत्तर.

शाम : टोपली झाकाले दुसरं फडकं घे, बेटा.

प्रियंका : द्या ना, पप्पा. बोलावतीन आता.

शाम : घे बेटा.

(शाम टोपी काढतो. बाहेर नंगारा वाजायचा थांबतो.)

भुरीबाई : अगं माय!

शाम : पाय. आता पाय चांगलं.

भुरीबाई : लई खराब केलं रे त्यानं. मांगून तं असं दिसते, जसे कोंबडीनं टोचे मारले.

शाम : माहीत हाय मले.

भुरीबाई : वाईट वाटते मले. कसं जावळ होतं तुहं, काळं कुळकुळीत. जावळ काढलं तवा मी रडली होती, अन् हे मले न दाखोता... बरं, बरं. इतलंच हाय न? मी तं समजली होती, टोपीखाली काय आन काय झालं.

शाम : इतलंच हाय.

भुरीबाई : इकडं ये. हात फिरवू दे. दुखते का?

शाम : नाही. नाही दुखत.

प्रियंका : पप्पा, तुमचं माझ्यासारखंच झालं.

शाम : हो बेटा.

प्रियंका : तुम्ही पण रोज उकरून पाहत होते का?

शाम : रोज. सकाळ-संध्याकाळ आरशात.

प्रियंका : पप्पा, टोपी परत घ्या. बसत नाही टोपलीवर. आले तेवढे गहू खाली दबून जातेत. बघा, हे दोन वाकले. तेवढेच हायेत माझ्याजवळ.

शाम : मग कसं करशील?

प्रियंका : तसंच नेतो. मोडून टाकण्यापेक्षा बरं.

भुरीबाई : शाबास माही वाघीन! अन् त्या धनीबाईच्या नातीले म्हना, टकल्या नवऱ्याचं काय सांगते? माहा होय टकला. सारी जिंदगी तांडा चालोला त्यानं, एका भांडनाले पोलीस ठाण्याची पायरी चढू देल्ली नाही.

शाम : टोपी त्या खुंटीले अडकव, याडी.

भुरीबाई : चुलीत घालतो.

शाम : नोको, उन्हातानात लागते. खुंटीले अडकव. अन् बाले जाऊन सांग, शाम येऊन राह्यला. उघड्या डोक्यानं येऊन राह्यला. अन् पयला वेढा उकंड्याले द्याले सांग.

भुरीबाई : उकंड्याले? तो साऱ्यासमोर काई तरी बोलन हं. त्याची जीभ राह्यनार नाही.

शाम : बोलू दे. मले तोंड हाय. म्हणीन, 'उकंडाभाऊ, बियाणं खोटं निघालं, अन् मी पयलेच सांगून राह्यलो. आता बांधा गच्च.'

भुरीबाई : अस्सं! असा बोल. असा उभा राह्य. लंबा दिसते माहा पोरगा, उभा राह्यला का. थांब, माहा पदर तं नीट करू दे, आज साऱ्या बाया माह्याकडं पाह्यतीन.

प्रियंका : दादी, चला ना.

भुरीबाई : चाल. पन प्रियंका, आज तांड्यातल्या साऱ्या मानसाईच्या पागडीत तीज खोसाची असते. काके हायेत, आजे हायेत, भाऊ हायेत. तुही इतलीशी तीज कोनाकोनाले पुरन व?

प्रियंका : एकालेच पुरते.

भुरीबाई : मंग? कोनाले खोसशील?

प्रियंका : नाईकाले.