वळणाची आतली कड

मी जासईचा. आमची मिठागरं होती, बापाचे पाय मिठानं फुटलेले असायचे, मग मिठागरांवर कंटेनरची यार्डं आली आणि मी त्याच यार्डातला ट्रेलर चालवायला लागलो. गाडी शिकवणारा उस्ताद सांगायचा, भावा, सरळ रस्त्याला नजर लांब सोड, रस्ता बारीक होतो तिथपर्यंत, आणि वळणावर आतल्या कडेचा पांढरा पट्टा धर, डोळे जातील तिकडे हात जातात. खरं हाय ते. काय सांगू तुमाला, त्याच शिकवणीनं घात केला.

कर्नाळ्याचं वळण, भर दुपार. आतल्या कडेनं एक कातकरीण मोळी घेऊन चालली होती, पाठमोरी, पट्ट्याच्या बाहेर. रस्ता रुंद करणाऱ्यांनी आमच्या गाड्यांची सोय केली, डोंगरातल्या माणसांच्या पायांना वीतभर जागा ठेवली नाय. मी तिला वाचवायचं म्हणून तिच्याकडंच बघत राहिलो, बघत राहिलो, आणि हात डोळ्यांमागं गेले. केबिन तिच्या बाजूनं निघून गेली, पण ट्रेलरची मागची चाकं वळणावर आत येतात. ती चाकं पट्ट्याबाहेर गेली, तिच्यावरून.

कोर्टात विचारलं, तुमची नजर कुठे होती? वकिलानं पढवलेलं बोललो, नजर समोर होती साहेब, बाईच रस्त्यात आली. सुटलो. तिची माणसं मागच्या बाकावर बसली होती, त्यांना कोणी विचारलंच नाय.

आता ट्रेलर सोडला. पोरगी करंजाड्याला नोकरी करते, तिनं जुनी गाडी घेतली, म्हणाली बाबा, तुमीच शिकवा. सरळ रस्त्याला मी निवांत बसतो. वळण आलं की ती मोळी दिसते, आतल्या कडेला, दर खेपेला. परवा कर्नाळ्याला पोरगी विचारते, बाबा, आता कुठे बघू? मी डोळे मिटले. ती हसली, वा रे मास्तर, शिकवणाराच झोपला! मग माझा चेहरा बघितला आणि वळणापुढं गाडी बाजूला घेतली. सगळं सांगितलं तिला. हसणं गेलं तिचं. म्हणाली, नाव काय होतं तिचं? कोर्टाच्या कागदावर होतं, मी कधी तोंडानं घेतलं नव्हतं. सोमी, म्हणालो. पोरगी म्हणाली, तिच्या वाडीवर जायचं बाबा, गाडी मी चालवते.

रविवारी जाणार हाय. मारतील, हाकलतील, नायतर नुसते बघत बसतील, तेच कठीण. पोरीची नजर देवानं साफ ठेवावी, एवढंच मागतो. आणि तुमी लिहिताय ना, मंग नीट लिहा: सोमी पट्ट्याच्या बाहेर होती.