बाकीचं सरकार देतं

मी मिरजेची. वडलांची खानावळ होती, तिथलेच आचारी ते आमचे हे, पुढं त्यांना इकडं जर्मनीत इंडियन हॉटेलात काम लागलं तसे आम्ही झिंडेलफिंगेनला आलो, आमची श्रुती तेव्हा लहान होती. काय सांगू तुम्हाला, बरं चाललं होतं बघा, आणि एक दिवस भट्टीसमोर उभ्या उभ्या छातीत कळ आली आणि गेले हे.

परत जायचं तर श्रुतीचं सगळं शिक्षण जर्मनमध्ये, तिकडं काय करणार ती, मग मी एका लॉजमध्ये खोल्या साफ करायला लागले. कंबर मोडायची, आणि पगार खोलीमागे, तो घरभाड्यातच जायचा. मालकाला सांगितलं तर म्हणाला, जॉबसेंटरला, त्या सरकारी मदतीच्या ऑफिसात जा, बाकीचं सरकार देतं, इथल्या सगळ्याच बायका घेतात. म्हणजे बघा, काम त्याचं आणि पोट सरकारनं भरायचं. घेतले मी पैसे, घेतले. पण जीव थाऱ्यावर नसायचा, कारण इथं राहायचा परवाना वाढवताना व्हिसा ऑफिसात विचारतात, तुमचं तुम्ही भागवता का, आणि सरकारचे पैसे घेत असलं की अवघड होतं. न घ्यावेत तर घर सुटायचं. पोस्टमन दिसला की वाटायचं, आलं व्हिसा ऑफिसचं पत्र.

त्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला मी मसालेभात वाढत होते. आपली पुण्याची इंजिनियर मंडळी सगळी, त्यात दिवेकरदादा म्हणाले, अर्धा पगार टॅक्समध्ये जातो आपला, आणि लोक त्यावर बसून खातात. डाव हातात तसाच राहिला माझा. गप्पच बसणार होते, देवाशपथ, पण निघून गेलं तोंडातून, अहो दादा, मी घेते ते पैसे, पण बसून नाही खात, दिवसभर संडास घासते, आणि तुमच्या टॅक्सामुळं माझ्या मालकाचं फावतं, त्याला कमी पगारात बाई मिळते. दादांनी विचारलं, कुठलं लॉज? सांगितलं. तर म्हणाले, ऑफिसचे पाहुणे मी तिथंच उतरवतो, स्वस्त पडतं म्हणून.

मग त्यांची बायको, स्मिताताई, मला कामगार संघटनेत घेऊन गेल्या. तोवर ताशी किमान वेतनाचा कायदा आलेला, पण मालकानं काय केलं, कागदावर तास कमी लावले आणि खोल्या तेवढ्याच ठेवल्या. संघटनेतली बाई म्हणाली, वेळ संपली की काम थांबवा. मग थांबवलं. राहिलेल्या खोल्या तशाच सोडून खाली आले, मालक ओरडला, उद्या येऊ नकोस म्हणाला. तरी गेले. तर दुसऱ्या दिवशी बाकीच्या बायकाही वेळेवर खाली आल्या, पाहुणे बॅगा घेऊन दारात उभे, तेव्हा वाढवले त्यानं तास.

आता सरकारचं थोडंच येतं, पण येतं. परवाना वर्षाचाच मिळालाय, पुढचं काय ते माहीत नाही, झोप लागत नाही कधी कधी. ज्यांच्या टॅक्सावर माझी चूल पेटली त्यांचं देव भलं करो. मालकाचंही करो. फक्त माझ्या कामाचं त्यानं त्याच्याच खिशातून द्यावं, एवढं व्हावं बघा.