वीस ठिकाणी मृत

— न्हाई, तशी न्हाई उघडायची पेटी, मॅडम. आधी ही डावीकडची कडी, मग उजवीकडची — हां. आता मोजून घ्या. ड्रोनचे पंखे चार लावलेले, चार जास्तीचे. बॅटऱ्या चार, त्यातली तीन नंबरची लवकर बसतीय, ती शेवटाला वापरा. आन् हा टॅब. ह्याला जपायचं काम न्हाई. माझ्या गाडीवरून दोनदा पडलाय, येलदरीच्या पाण्यात एकदा बुडलाय — पुसला की चालू. मेच्या उन्हात बी लख्ख दिसतंय ह्याच्यावर. तुमी इथं सही करा आन् बीटाचा ताबा घ्या, मी चाललो परभणीला. प्रमोशनच की. वनपाल. तिथं बाकीच्या गारडांना ड्रोन शिकवायचाय मला — सव्वीस वर्षं पायी हिंडून कुणी व्यंकटी म्हणून हाक मारली न्हाई, ड्रोन उडवला तर थेट साहेबांनी हात मिळवला. तर असं हाय. करा सही.

काय? नकाशातला कुठला लाल डाग? — दाखवा. तो व्हय. एकशे चौदा नंबरचा कक्ष. गावात मुंजाचा माळ म्हणतेत. तिथं काय न्हाई. म्हणजे, रोपवन होतं, तीन वर्षांचं, धावडा, खैर, बेहडा, सालई. मेलं. नकाशात हिरवं म्हणजे जित्तं आन् लाल म्हणजे उघडी जमीन, सोपं हाय. ड्रोन वर जातो, नांगराची तासं घालावीत तसा इकडून तिकडं फिरतो, हजार-बाराशे फोटो काढतो, आन् कंप्युटर ते समदे शिवून एक फोटो करतो. त्या फोटोत लाल आलं. मागच्या एप्रिलात. मग नव्यानं खड्डे घेतले जेसीबीनं, नवी रोपं लावली. अहवालात लिवलंय समदं, खामखा कशाला त्यात शिरायलात.

हां, एप्रिलात. — आलं तुमच्या ध्यानात. तुमी शिकून आलेल्या, तुमच्या लगेच ध्यानात येणार. मला बी मालूम होतं, मॅडम. एप्रिलात इथल्या डोंगराला पान ऱ्हात न्हाई. धावडा उघडा, सालई उघडी, समदं जंगल काटक्या होऊन बसतंय. आमाला शिकवायला आलेल्या बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिवलं होतं, पानगळीच्या जंगलावर उडवायचं ते पावसाळा सरल्यावर, दसऱ्याच्या आसपास. मी वहीत उतरून बी घेतलं. पण एप्रिलात वरच्या साहेबांची बैठक होती, कुणाचा नकाशा तयार हाय म्हणून विचारणा झाली — घाई साहेबांची होती, माझी न्हाई. — न्हाई, थांबा. खोटं कशाला बोलू. रेंजर साहेब म्हणले होते, दसऱ्यापर्यंत थांबू का व्यंकटी? मीच म्हणलो, थांबायचं काय काम न्हाई साहेब, मशीन हाय. बाकीच्या बीटांत अजून पेटी बी उघडली नव्हती कुणी. मला पहिलं व्हायचं होतं. पन्नाशी आली की माणसाला असं कायतरी व्हतंय का, कुणास ठाऊक.

आन् नुसता ड्रोनचा फोटो चालत न्हाई, हे बी तुमाला मालूम असंल. टॅब वीस ठिकाणं काढून देतो. तिथं पायी जायचं, झाडाजवळ उभं ऱ्हायचं, फोटो घ्यायचा आन् जिवंत का मृत ते दाबायचं. घरी बसून करता येत न्हाई, माणूस कुठं उभा हाय ते टॅबला कळतंय. मी गेलो की. वीसच्या वीस ठिकाणी गेलो, दुपारचं ऊन, अंगाची काहिली. गेलो, उभा ऱ्हायलो, काटकी दिसली, मृत दाबलं. पुढं. मृत. पुढं. लहान झाड जित्तं का मेलेलं हे बघायला काय लागतं? वाकायचं आन् नखानं साल खरडायची. आतून हिरवी निघाली की जित्तं. नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवतेत हे. एवढंच करायचं होतं, मॅडम. वीस ठिकाणी वीसदा वाकायचं होतं. मी एकदा बी वाकलो न्हाई. अकरा नंबरला तर बुडाशी मडकं पुरलेलं होतं, त्यातनं चिंधीची वात मुळाकडं सोडलेली, माती वली. वली माती दिसली मला. तिथं बी मृत दाबलं. कारण वरचा नकाशा लाल आला होता, आन् खालचं त्याच्याशी जुळलं पायजे असं माझ्या डोस्क्यात बसलं होतं.

मडकी कुणाची — मनकर्णामावशीची. रोपवनावर राखणीला बाई होती आपल्याकडं. साठीच्या पुढची. दोन एकर कोरडवाहू, नवरा गेलेला, लेक न् सून दरसाल टोळीसंगं ऊसतोडीला, आन् नात, सृष्टी, मावशीपाशी. मावशीनं बी जलमभर कोयताच चालवलेला. रोपवनाची राखण मिळाली तशी ती तीन वर्षं गावात ऱ्हायली आन् म्हणून पोरगी बी शाळेत ऱ्हायली. सकाळी पोरीला शाळेत सोडायची आन् माळावर यायची. तिथला मुरूम असा की पहार वाजतीय. पहिल्या उन्हाळ्यात रोपं मान टाकायली तर तिनं गावातनं फुटकी, गळकी मडकी मागून आणली, दोन-अडीचशे असतील, आन् वरच्या अंगाला एकेका रोपाशी पुरली. कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांना ठाऊक बी नव्हतं. मला ठाऊक होतं. मी तिथं बसून तिच्या घागरीतलं पाणी प्यालोय, चटणी-भाकर खाल्लीय तिची.

जेसीबी आला मेच्या दुसऱ्या आठवड्यात. मावशीला वाटलं कडंनं चर काढायलेत. मग पहिलं बकेट धावड्याच्या रांगेत पडलं तशी ती धावत आली न् मशीनपुढं उभी ऱ्हायली. ओरडली-बिरडली न्हाई, नुसती उभी. ड्रायव्हरनं मशीन बंद केलं. साहेब गाडीतच होते, लांब, फोनवर. मी तिला बाजूला घ्यायला गेलो तर तिनं माझं मनगट धरलं. असं, गच्च. मला खाली बसवलं आन् म्हणली, नख लाव. मी लावलं. हिरवं, मॅडम. हिरवंगार. काकडीच्या सालीसारखं. दुसऱ्याला लाव म्हणली. लावलं. ते बी हिरवं. तिसऱ्याला मीच लावलं, तिनं सांगायच्या आधी. तवर साहेब गाडीतनं उतरून आले, काय चाललंय म्हणून विचारलं. मावशी त्यांना म्हणली, "झाडं जित्ती हायत साहेब. ह्यांना इचारा, ह्यांनी आत्ताच बघितलंय." साहेबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना विचारायचंच होतं, हे मी आज बी सांगतो. माणूस वाईट न्हाई. ते म्हणले, काय व्यंकटी, जिवंत हायत का?

— पाणी प्या तुमी. न्हाई? बरं.

मी म्हणलो, न्हाई साहेब. वाळलेत.

नखात हिरवा गर होता माझ्या. मी हात खिशात घातला. मावशीनं खिशाकडं बघितलं, मग तोंडाकडं. मला वाटलं आता ही बोलणार, खिशातला हात काढ म्हणणार. तसं काय म्हणली न्हाई. साहेबांसमोर माझी अब्रू जाईल म्हणून गप्प बसली का मी असं बोलूच शकतो हे पटायला तिला वेळ लागला, कुणास ठाऊक. पदर खोचला आन् बाजूला झाली. मशीन सुरू झालं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाच हजारांतलं कडंच्या एका पट्टीवरचं सोडून काय ऱ्हायलं न्हाई. दीडशे असतील. तेवढ्याला बकेट पोचलं न्हाई.

का म्हणलो मी तसं — तेच इचारायलात न्हवं? बैठकीत नकाशा दाखवून झाला होता. पेपरात फोटो आला होता, माझ्या हातात ड्रोन, बाजूला साहेब. बायकोनं कात्रण देव्हाऱ्याशेजारी चिकटवलंय. हायत जित्ती, असं म्हणलो असतो तर काय झालं असतं? साहेब रागावले असते. फार तर एक खुलासा मागितला असता. एवढंच. मी लय वेळा हिशोब लावून बघितलाय, एवढंच झालं असतं.

श्रावणात मी परत उडवला ड्रोन, एकटाच. त्या पट्टीवर बघतो तर कडंनं हिरवी रेघ. दीडशेतली एकशेचाळीस तरी फुटली होती. नवी रोपं अजून बोटभर न् ही पुरुषभर. ते फोटो — आता सांगतोच तुमाला — ते फोटो मी पुसले. टॅबातनं बी पुसले. साहेबांपर्यंत जाऊ दिले न्हाईत.

आन् मावशीची राखण तर मेच्या शेवटालाच बंद झाली होती. रोपवनच मेलं म्हणल्यावर राखण कशाची? नव्या रोपांचा जिम्मा ठेकेदाराकडं. दिवाळी झाली तशी ती लेकाच्या टोळीत ट्रॅक्टरवर चढली. बासष्ट वर्षांची बाई, कोयता घेऊन. घरात दुसरं कुणी न्हाई म्हणून सृष्टी बी संगं. सहावीत होती. मी फाट्यावर चहा पीत होतो, ट्रॅक्टर तिथंच थांबला. मी तोंड फिरवलं. तर मावशीच खाली उतरली, माझ्यापशी आली आन् म्हणली, "भाऊ, कडंची ऱ्हायलीत तेवढ्यांना आता तूच हायस. माघात पाणी दे." शिवी न्हाई, सराप न्हाई. शिवी दिली असती तर मी रात्री जेवलो असतो. वर पोरगी मांडीवर दप्तर घेऊन बसलेली. तिकडं कुठं शाळा भेटंल म्हणून घेतलं असंल दप्तर.

दिलं का पाणी, म्हणता. — दोनदा. माघात दोनदा गेलो, घागर घेऊन. तिसऱ्यांदा प्रमोशनचं कानावर आलं, आन् मग पाय उचललाच न्हाई तिकडं.

मावशी? आलीय ती. पाडव्याच्या आधीच आली टोळी. ठेकेदाराची माणसं सांगायलेत, म्हातारी रोज सकाळी येतीय न् पट्टीला पाणी घालतीय. कुणी बोलावलेलं न्हाई, हजेरी न्हाई, काय न्हाई. पोरगी बी येतीय तिच्यासंगं. वर्ष बुडालं, आता शाळेत जायला लाजतीय म्हणं.

हे मी का सांगितलं तुमाला — मला न्हाई मालूम. मी फक्त कड्या कशा उघडायच्या ते सांगणार होतो. तुमी काय लिवायलात? शेऱ्यात? बघू. — 'एकशे चौदा, पूर्व कड, जुनी झाडं जिवंत असल्याचे सांगितले, प्रत्यक्ष पाहणी करणे.' कुणी सांगितले ते बी लिवलंत. माझं नाव.

खोडता येईल? — न्हाई, ऱ्हाऊ द्या. ऱ्हाऊ द्या तसंच.

पेटी कशाला उचलायलात, ड्रोन न्हाई लागत तिथं. ह्या पाऊलवाटेनं सरळ जा, ओढा लागंल, तो ओलांडला की डाव्या अंगाला चढ. अर्ध्या तासाची वाट. आत्ता निघालात तर ती भेटंल, ऊन चढायच्या आत घरी जाती. — मी? न्हाई, मी येत न्हाई. न्हाई म्हणलं ना, मॅडम. जा तुमी.