शेवटच्या कडव्यातलं नाव

—न्हाई, हातातल्या त्या कॅसेटच्या कव्हरवर काय छापलंय ते सोडा. कव्हर पुण्यात छापतात, त्यांना काय ठावं. तुम्ही अंकासाठी भीमजयंतीच्या गाण्यांमागच्या गोष्टी गोळा करताय ना, मग बसा दुकानातच ह्या स्टुलावर, आन् दौंडला महेंद्रकडं जायच्या आधी माझं ऐका. ‘पाटी उतर, माये’ हे गाणं त्यानं लिहिलेलंच न्हाई. करुणानं लिहिलंय. करुणा म्हंजी माझी बायको. आता तुम्ही म्हणाल, शेवटच्या कडव्यात नाव तर महेंद्रचं हाय. हाय की. आपल्यात रीतच तशी — शेवटच्या कडव्यात कवीनं आपलं नाव घालायचं, आन् लोकं तेवढंच ध्यानात ठेवतात. पण ह्या बाईनं गाणं स्वतः लिहिलं आन् नाव घातलं ढोलकीवाल्याचं. ‘महेंद्र म्हणे, माये, तुझी पाटी मी घेतो.’ आमच्या गायन पार्टीत तो ढोलकीवर, मी पेटीवर. जन्मात एक ओळ लिहिली न्हाई त्यानं. रेल्वेत लागला, दौंडला क्वार्टर मिळाली, आन् आता दर एप्रिलात कवी म्हणून शाल घेतो. न्हाई म्हणत न्हाई कुणाला.

का घातलं? मीपण तेच इचारलं, लग्न झाल्यावर — आधी कसं इचारणार. तर म्हणे, बाईच्या नावाचं गाणं तवा पार्टीत कुणी घेतलं असतं का. बरं, पटलं. पण मग पार्टीत मी नव्हतो का? माझं घालायचं. तर म्हणे, ‘सम्राट’ला एक मात्रा जास्त होती, चालीत बसत न्हाई. मराठी घेऊन बी.ए. मी झालोय, आन् मात्रा ती शिकवती मला. ओढूनताणून बसतं की —

ती खडीची पाटी कुणाची, माहितीय? जाईबाईंची, माझ्या सासूबाईंची. सणसवाडीच्या अलीकडं खडी क्रशरवर कामाला होत्या. एकदा त्यांना भोवळ आली, आन् हा महेंद्र चालला होता ढोलकीच्या चामड्याला शाई लावून आणायला — तर ढोलकी ठेवली बाजूला, उचलली पाटी, आन् दिवस मावळस्तोवर त्यांच्या जागी खडी वाहिली. एक दिवस, बस्स. मी चार वर्षं त्यांचं औषधपाणी करतोय, त्याच्यावर कुणी कडवं केलं न्हाई. मला सांगा, ‘माये, तुझी पाटी मी घेतो’ हे कुणी म्हणायचं? जावयानं. म्हंजी मी. आन् लाऊडस्पीकरवरनं अख्ख्या शिरूरला नाव ऐकू येतं त्याचं.

गेल्या जयंतीला माईक माझ्याकडं होता. म्हणलं, आज बदलतोच. ‘सम्राट म्हणे’ असं ओढूनताणून घेतलं, बसलं पण — आन् सगळा मांडव माझा आवाज बुडवून म्हणाला, ‘महेंद्र म्हणे’. पोरं हसली. लोकांचं सोडा, त्यांना पाठ हाय. पण माझ्या मागं कोरसात करुणा होती. ती हसली न्हाई. तिनंपण तेच म्हणलं, डोळे मिटून.

म्हणून सांगतो, खरं ते लिहा. बाईचं गाणं बाईच्या नावावर येऊ द्या, बाबासाहेबांनी आपल्याला दुसरं काय शिकवलं? माझा ह्यात काय स्वार्थ — माझं कुठं घाला म्हणतोय मी. तिचं लागू द्या. त्याचं निघालं म्हंजी झालं.

काय? आमच्या घरी जाऊन आलात? कवा — सकाळी? मग मघापासनं बोलू कशाला दिलंत मला... काय म्हणाली ती?

सरळ इचारलंत का, लिहिलं कुणी म्हणून? सरळच इचारलंत. आन् तरी महेंद्रचंच म्हणाली.

सांगताना हसली का थोडी? — नका सांगू. राहू द्या.

दौंडची एसटी लागलीय बघा समोर. निघा तुम्ही, मला शटर वढायचंय.

ती कॅसेट ठेवा खाली. ती विकायची न्हाई.