कॅप्टनच्या वाट्याचं पाणी

मंडळी, आणि समोर बसलेल्या वहिनी,

अण्णा खडप्यांपुढे बोलताना माझं कधी अडलं नाही. वीस वर्षं त्यांच्याशी भांडले. आज ते ऐकायला नाहीत. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

चिपळूणहून आलात, राजापूरहून आलात. नाटे बंदरावरची तांडेल मंडळी, होड्यांचे कप्तानच ते, आज होड्या किनाऱ्याला ठेवून आली आहेत. वाचनालयाचा हॉल पुरला नाही, माणसं जिन्यात उभी आहेत. अण्णा असते तर म्हणाले असते, एवढी गर्दी पुस्तक घ्यायला का नाही झाली? खरंच, का नाही झाली?

नव्या मंडळींसाठी सांगते. 'ध्रुवनौका' ही अंतराळातली मालिका पूर्वी टीव्हीवर लागायची. ती काढणाऱ्या कंपनीला तिच्यावरून कादंबऱ्या हव्या होत्या. ते काम मिळालं नाटे गावच्या मच्छीमार सोसायटीतल्या एका कारकुनाला, म्हणजे अण्णांना. मुंबईहून पटकथा एसटीच्या पार्सलने यायची आणि अण्णा तिची कादंबरी करायचे. अशा नऊ केल्या.

कशा केल्या? जेटीवर बसून. तांडेल जाळी शिवत बसलेले असायचे, अण्णा त्यांना लिहिलेलं प्रकरण वाचून दाखवायचे. यानाचा कॅप्टन चुकीचा वागला की ते लोक हातातलं काम थांबवायचे. असं कुठला तांडेल करतो, म्हणायचे. मग अण्णा घरी जाऊन प्रकरण बदलायचे. कंपनीच्या पटकथेपेक्षा जेटीवरचा शब्द मोठा.

आम्हा चाहत्यांत यावरून दोन तट. एक म्हणायचा, पुस्तकं मालिकेपेक्षा सरस. दुसरा म्हणायचा, या माणसाने मालिकेची वाट लावली. दुसऱ्या तटाची पुढारी मी. राजापूरला शाळेत विज्ञान शिकवायचे, तेव्हा चुका काढायचा हक्कच होता माझा. एका पुस्तकात यान निघायला भरतीची वाट बघतं. मी चार पानी पत्र धाडलं, अंतराळात भरती कुठून आली म्हणून. अण्णांचं कार्ड आलं. बाई, चूक कबूल, पण तांडेल ऐकत नाहीत. पुढच्या आवृत्तीत भरती होती तिथेच.

हसा, हसा. मलाही आता हसू येतं.

पण मंडळी, अण्णांना एक गोष्ट लागायची. साहित्यातले लोक म्हणायचे, टीव्ही बघून पाडलेली पुस्तकं, याला लेखक कोण म्हणेल? आणि आम्ही म्हणायचो, टीव्हीत होतं तसं नाही. माणसाला दोन्हीकडून मार. आपण लेखक आहोत की नुसते उतरवून काढणारे, हे त्यांना आयुष्यभर कोणी सांगितलं नाही. मीही नाही. उलट मी काय केलं ते ऐका.

तिसऱ्या कादंबरीत पाण्याचा प्रसंग आहे. यान भरकटलंय, पाणी संपत आलंय. कॅप्टन एकेकाला वाटून देतो. त्याची पाळी येते तेव्हा भांडं रिकामं. तो ते तोंडाला लावतो, प्यायल्यासारखं करतो, पुसून ठेवतो. कोणाला कळत नाही. याच हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, मी अण्णांना म्हटलं होतं, "हा एवढा प्रसंग तुम्ही बिघडवला नाहीत. टीव्हीवर होता तसाच उतरवलात."

अण्णांनी मान डोलावली.

मालिकेच्या टेप कंपनीने कधीच पुसून टाकल्या. गेल्या वर्षी मात्र आपल्यातल्या एकांना चिपळूणच्या घरी माळ्यावर एक जुनी कॅसेट सापडली. पुराचं पाणी माळ्यापर्यंत पोचलं नव्हतं म्हणून ती वाचली. आपण इथे जमून ती लावली. पाण्याचाच भाग होता. आठवतंय ना? कॅप्टन खुर्चीत बसून असतो. पाणी येतं, आणि पहिला पेला तोच पितो.

प्रसंग नव्हताच. आपण चाळीस जण बसलो होतो, चाळीसही जणांनी तो टीव्हीवर बघितल्याचं शपथेवर सांगितलं असतं. मी तर तो वर्षानुवर्षं वर्गात सांगितला होता. भांड्यावर पडलेला उजेडसुद्धा आठवत होता मला. कुठला उजेड? ती छापील ओळ होती, अण्णांची.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने नाटे गावी गेले. अण्णा तेव्हा अंथरुणाला लागलेले. वहिनींनी उशी लावून बसवलं. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "अण्णा, मी हरले. तो प्रसंग तुमचा आहे. लेखक तुम्ही आहात."

त्यांनी मला बसायची खूण केली. मग म्हणाले, पटकथेत कॅप्टन आधी प्यायचा, ते वाचून दाखवल्यावर जेटीवर एकही जण पुढचं ऐकायला तयार होईना. मी विचारलं, मग त्या दिवशी हॉलमध्ये बोलला का नाहीत? तर हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. "बाई, तुम्हाला तो टीव्हीवर दिसला होता. मी मध्ये बोलून कशाला घालवू?"

मंडळी, मी त्यांच्यावर टीका करत होते आणि हा माणूस ती शाबासकी म्हणून जपून ठेवत होता. केवढा जिंकला होता तो, आणि किती आधी!

म्हणून आज रडायचं नाही, असं मी ठरवून आले होते. तेवढं जमलं नाही. पण हार मानायला आलेय, ती सगळ्यांसमोर मानते. टेप पुसल्या गेल्या, कंपनी बंद पडली, पटकथा कुठे आहेत देव जाणे. नऊ पुस्तकं आहेत. या वाचनालयातल्या प्रती वाचून वाचून सुट्या झाल्या आहेत. ध्रुवनौका अण्णांनी लिहिली तशीच चालली होती, आणि आता तशीच चालणार.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कोणी काही बोलू नका. डोळे मिटा. जो प्रसंग दिसेल तो दिसू दे. तो टीव्हीवरचा की अण्णांचा, हे आज मी तपासणार नाही.