आज माग बंद आहेत

जमलेल्या वडीलधाऱ्यांनो, आक्कांनो, आणि पुढं मांडी घालून बसलेल्या पोरांनो,

मला बोला म्हणालात, म्हणून उभी राहिले. पण नुसत्या दुःखानं न्हाय, रागानंसुद्धा बोलणार हाय. तेवढं सांभाळून घ्या.

कुसुमआक्का आपल्या या विणकर गल्लीतल्या शाळेत नर्स होती. फ्लेक्सवर तुम्ही 'आदर्श सेविका' लिहिलंय. खडेबाजारातनं हार आणलेत. छान केलंत. ती जिवंत असताना तिला काय म्हणत होतात, ते पण लिहायचं होतं. 'घर फोडणारी बाई.' आठवतंय का?

आई गेल्यावर मी इथं मामाकडं होते. मामा मारायचा. हाताला येईल त्यानं मारायचा. शाळेत काय सांगायचं, तेही त्यानंच शिकवलं होतं. मागावरचा धोटा उडून लागला, म्हणायचं. विणकराच्या घरातली पोर, धोटा लागायचाच! बाईंना पटलं, सरांना पटलं.

आक्का पोरींच्या डोक्यातल्या उवा बघायची. तिनं फणी जवळ आणली आणि मी दोन्ही हातांनी डोकं झाकलं. तिनं फणी खाली ठेवली.

"उवा बघणार हाय गं, मारणार न्हाय. कोण मारतंय?"

"धोटा लागला."

"बरं. मग फणीला का भितीस?"

तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी पहिल्यांदा खरं बोलले.

हेडमास्तर म्हणाले, घरातली गोष्ट हाय, सिस्टर, सोडून द्या. तिनं सोडलं न्हाय. मुलांच्या हेल्पलाईनला स्वतः फोन लावला. चौकशीला माणसं आली. आणि गल्ली काय म्हणाली? "मागाच्या आवाजात काय ऐकू येतंय?"

मागाच्या आवाजात! अहो, दुपारी करंट जायचा की. माग थांबायचे. तुम्ही सगळे कट्ट्यावर चहा पीत बसायचा. तेव्हा आत मी काय गाणं म्हणत होते?

मला निपाणीच्या मावशीकडं ठेवलं. मी वाचले, शिकले. आक्काला काय मिळालं? "आमच्या पोरांना हात लावायचा न्हाय," म्हणून तुम्ही शाळेवर गेलात. तिला कामावरनं काढायला लावलंत. तिच्या खोलीत आता मोडकी बाकं पडलीत. दुसरी नर्स आलीच न्हाय. मार खाल्लेलं पोर तोंडानं सांगत न्हाय हो, अंगानं सांगतंय. ते बघणारं माणूस तुम्ही हाकललंत.

ती निपाणीला मला भेटायला यायची. एकदा विचारलं, "आक्का, त्यांचा राग येत न्हाय?"

"येतोय की. लई येतोय. पण पोरं त्यांच्याच घरात हायत न्हवं?"

आज तिच्यासाठी गल्लीनं माग बंद ठेवलेत. आता दोन मिनिटं उभं राहू या. खोकू नका, कुजबुजू नका. नुसतं ऐका. आणि कुठल्या घरातनं पोराचं रडणं आलं, तर या खेपेला तरी ऐकू आलं म्हणा.