पाचची नोट

नाय चालत, नाय चालत, नाय चालत! अहो, नोट आहे की लंगडा घोडा? तुम्हाला सांगतो, या बोईसरात पाचचं नाणं कुणीही घेईल, पण पाचची नोट काढली की माणसं तोंडं अशी करतात, जसा मी नाक पुसलेला रुमालच पुढे केलाय. चहावाला म्हणतो, “भाई, ये नहीं चलेगा।” रिक्षावाला तर बोटही लावत नाही... “नाय चालत!”

ही नोट माझ्या दादाची, जितेशची. एक कोपरा गेलेला, मधोमध चिकटपट्टी. रोज कंपनीतून सुटला की मुद्दाम कुणाला तरी द्यायचा, “नाय चालत” ऐकायचा आणि खूश होऊन परत खिशात! म्हणायचा, “हित्या, सगळा पगार जातो, ही एकटी परत येते.” गेल्या महिन्यात चिल्हार रस्त्यावर त्याची गाडी घसरली आणि... जाऊ दे. त्याचं पाकीट माझ्या हातात दिलं. आत ही!

मग मीही तेच सुरू केलं. कशाला? मला काय माहीत! कुणी “नाय चालत” म्हटलं की वाटायचं, दादा बाजूलाच उभा राहून हसतोय.

आज आईनं बोंबील आणायला पाठवलं. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच. नवापूरच्या मैनाबाई नुकतीच टोपली उतरवत होत्या. शंभरचा वाटा. मी पंच्याण्णव दिले आणि वर ती नोट. दादाला त्या नेहमी ओरडायच्या, “ठेव तुझ्याकडंच, मेल्या!” पण दादा जायचा संध्याकाळी, आणि मी गेलो सकाळी. पहिलं गिऱ्हाईक! मैनाबाईंनी नोट कपाळाला लावली आणि थेट कमरेच्या पिशवीत!

“मावशी, अहो, ती चालत नाय!”

“भवानीला नाय म्हणू नये, बाला.”

“दुसरी देतो, ती परत द्या!”

“टोपली खाली झाल्याबिगर भवानी परत देत नाय. आनी तुजा भाऊ कुठं हाय? दिसला नाय कवापासून.”

सांगितलं. बाईंनी डोळे पुसले, पाट सरकवला. “बस.” पण नोट? नाय म्हणजे नाय!

काय करणार? बसलो. “बोंबील घ्या, ताजे बोंबील!” मी ओरडतोय, मी! एक बाई म्हणते, “पोरगा नवीन ठेवला काय गो?” दुपार झाली, माश्या गिऱ्हाइकांपेक्षा जास्त. शेवटी पाच वाटे उरले, ते मीच घेतले. खिसा साफ! मैनाबाईंनी पैसे मोजले, पिशवीत हात घातला आणि नोट माझ्या मुठीत दाबली. “सांभाल रे.”

रिक्षात बसलो, तेव्हा आठवलं, भाड्याला दुसरं काहीच नाही. धरली पुढे. रिक्षावाल्यानं एकदा नोटेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“नाय चालत. उतर.”

बरं वाटलं हो, काय सांगू! मग काय, भर उन्हात घरी, पास्थळपर्यंत पायी... हातात सहा वाटे बोंबील, आणि मागे बाजारातली तीन मांजरं.